पहिले पांचशें रुपये

नाताळची भेट, भाऊबीजेची ओवाळणी, परीक्षेंतील बक्षीस, किंवा शाळा सोडून नुकत्याच धरलेल्या नोकरीचा पहिला पगार, यांपैकी कोणत्या ना कोणत्या निमित्तानें आमच्या बहुतेक वाचकांच्या हातीं एक दिवस अशी लहानशी रक्कम येते, कीं जी त्या महिन्याच्या खर्चास लागत नाहीं. तिचें काय करावें, हा प्रश्न दिसण्यांत क्षुल्लक आहे. मोठ्या रकमेच्या धन्यास सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. ५०० रुपयांचा धनी मात्र बहुधा एकटाच असतो, आणि तो एकटा आहे हें ओळखून जो त्याच्याकडे सर्वांच्या आधीं येतो, तो पुष्कळदां त्याच्या हितासाठीं आलेला नसतो. म्हणून या विषयाचा कांहींशा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचें बोलणें विद्यार्थ्यांशीं आहे, परंतु त्यांच्या मातापितरांनींही तें ऐकावें अशी आमची इच्छा आहे. कारण वयाचीं १८ वर्षें पुरीं होईपर्यंत यांतील बहुतेक व्यवहार पालकांच्याच सहीनें व्हावयाचे असतात.

प्रथम थोडें गणित करूं. सातवींतील विद्यार्थ्यास येईल इतकेंच तें सोपें आहे. एका मुलानें दर महिन्याच्या १ तारखेस ५०० रुपये ठेवावयास आरंभ केला, असें समजा. वर्षअखेर त्याचे ६,००० रुपये जमतात. त्यांतील पहिला हप्ता १२ महिने व्याजीं राहिला, दुसरा ११ महिने, आणि शेवटचा अवघा १ महिना. तेव्हां सरासरीनें ३,२५० रुपये वर्षभर ठेवल्यासारखें झालें. त्यांवर दरसाल दरशेंकडा ६ प्रमाणें सरळव्याज १९५ रुपये होतें, आणि दरशेंकडा १० प्रमाणें ३२५ रुपये. दोहोंतील अंतर १३० रुपये! म्हणजे अधिक व्याजाच्या शोधांत त्या मुलानें वर्षभर वणवण केली, तरी त्यास जास्त मिळावयाचे ते १३० रुपये. आणि त्या शोधांत तो फसला, तर जावयाचे ते सगळे ६,००० रुपये. उलटपक्षीं, आळसानें एका महिन्याचा हप्ता चुकला, तर त्याची शिल्लक ५०० रुपयांनीं कमी होते. दराच्या अंतरापेक्षां ही तूट जवळजवळ चौपट आहे.

आतां हेंच उदाहरण ३० वर्षांचें घेऊं. दर वर्षअखेर ६,००० रुपये चक्रवाढ व्याजानें ठेविले, तर शेंकडा ६ च्या दरानें सुमारें ४,७४,००० रुपये होतात, आणि शेंकडा १० च्या दरानें सुमारें ९,८७,००० रुपये. पदरचे भरलेले रुपये दोन्हीकडे १,८०,०००च आहेत. येथें मात्र दरानें केवढा फरक पडला! काळानेंही तितकाच पडतो. तोच मुलगा १० वर्षें उशिरां जागा झाला व त्यानें २० वर्षेंच पैसे भरले, तर शेंकडा १० च्या दरानेंही त्याचे सुमारें ३,४४,००० रुपयेच होतात. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश.

या दोन उदाहरणांवरून आम्हांस जें सांगावयाचें आहे तें हें, कीं लहान रकमेच्या पहिल्या कांहीं वर्षांत व्याजाच्या दरास फारसें महत्त्व नाहीं. महत्त्व आहे तें हप्ता न चुकण्यास, आणि मुद्दल शाबूत राहण्यास. दराचें महत्त्व मागाहून येतें, आणि तें येईपर्यंत तरुण मनुष्यास शिकावयास पुरेसा अवधि मिळतो. घाईनें श्रीमंत करूं म्हणणारे लोक याच्या नेमकें उलट सांगतात.

येथेंच आणखी एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. असले आंकडे छापून लोकांस भुलविणारे ती बहुधा सांगत नाहींत. ३० वर्षांनंतरचा रुपया हा आजचा रुपया नव्हे. वस्तूंचे भाव दरसाल शेंकडा ६ प्रमाणें चढत गेले, तर १२ वर्षांत ते दुप्पट होतात. (७२ या संख्येस दरानें भागिलें असतां दुप्पट होण्यास लागणारीं वर्षें अदमासें निघतात, ही युक्ति लक्षांत ठेवण्याजोगी आहे.) त्या मानानें वरील ९,८७,००० रुपयांत ३० वर्षांनीं जें मिळेल, तें आज सुमारें १,७२,००० रुपयांत मिळतें, आणि ४,७४,००० रुपयांत जें मिळेल, तें आज ८३,००० रुपयांतच येतें. अर्थात् पुढील वर्षांचे हप्तेही अशाच हलक्या झालेल्या रुपयांचे असतात, म्हणून सर्वच बुडालें असा आकांत करण्याचें कारण नाहीं. परंतु भाव चढतात तितकेंच व्याज मिळालें तर पैसा जागच्या जागीं राहतो, आणि डब्यांत ठेवलेला पैसा तर वर्षागणिक झिजतच जातो, हें समजलें म्हणजे कांहीं रक्कम सुरक्षित ठेवींत आणि कांहीं उद्योगधंद्यांत कां घालावयाची, याचा उलगडा होतो.

तथापि उद्योगधंद्यांत पैसा घालण्याच्या गोष्टी करण्यापूर्वीं, घरांत जाचक कर्ज आहे काय, हें पाहावें. क्रेडिट कार्डावरील बाकी वेळेवर न भरल्यास तिच्यावर दरसाल शेंकडा ३६, किंवा त्याहूनही अधिक, व्याज चढूं शकतें. कित्येक सावकारांचा दर याहून सौम्य नसतो. असलें कर्ज फेडणें म्हणजेच शेंकडा ३६ च्या दरानें बिनधोक गुंतवणूक करणें होय. इतकें व्याज खात्रीनें देणारी पेढी आम्हांस तरी कोठें आढळली नाहीं. बापाच्या डोक्यावर सावकाराचें देणें असतां मुलानें शेअरांचे भाव पाहत बसावें, यास आम्ही शहाणपण म्हणणार नाहीं. घरासाठीं वा शिक्षणासाठीं बँकेकडून काढलेल्या कर्जाची गोष्ट निराळी; त्याचे हप्ते वेळेवर जात असले म्हणजे पुरे. कर्ज नसेल, तर आजारपण, परगांवीं जाण्याचा प्रसंग, नोकरींत पडलेला खंड, यांसाठीं निदान तीन महिन्यांच्या खर्चापुरती शिल्लक बचतखात्यांत असावी. ही शिल्लक नसली, म्हणजे ऐन अडचणींत चांगली गुंतवणूक मोडावी लागते, आणि ती बहुधा भाव पडलेले असतांनाच मोडावी लागते.

आरंभ कोठें करावा? आमच्या मतें अद्यापही टपालकचेरींत. तेथील बचतबँक १८८२ सालापासून चालू आहे, आणि तिच्यांतील पैशास सरकारची हमी आहे. १० वर्षांवरील मुलास स्वतःच्या नांवानें खातें उघडतां येतें, ही गोष्ट पुष्कळ पालकांस ठाऊक नसते. तेथील आवर्ती ठेव दरमहा अवघ्या १०० रुपयांनीं सुरू होते. तिची मुदत ५ वर्षें, म्हणजे हप्ते ६०. खातें उघडतांना जो दर असेल, तोच मुदत संपेपर्यंत मिळतो. स्वतः खिडकीपाशीं उभें राहून पैसे भरणें व पुस्तकांत नोंद करून घेणें, हें मुलास शिकविण्याजोगें आहे. याहून लांब पल्ल्याची योजना म्हणजे सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधि, ज्यास लोक पी.पी.एफ. म्हणतात. त्यांत वर्षास कमींत कमी ५०० व जास्तींत जास्त दीड लाख रुपये भरतां येतात. मुदत १५ वर्षांची. १५ वर्षें हा काळ मुलास अनंत वाटतो. परंतु पांचव्या वर्षीं पालकांनीं मुलाच्या नांवें उघडलेलें खातें तो विशींत पाऊल टाकतांना पिकतें, असें सांगितलें म्हणजे त्याचा अर्थ लक्षांत येतो.

आमच्या आयाबहिणींच्या भिशीविषयींही दोन शब्द लिहिले पाहिजेत. तींत व्याज नाहीं म्हणून शिकलेले लोक तिला हंसतात. आम्ही हंसत नाहीं. शेजारणींच्या देखत दरमहा ठरल्या दिवशीं ठरलेली रक्कम द्यावी लागते, आणि आम्हीं वर सांगितलेली नियमितपणाची संवय जितकी भिशीनें लागते तितकी कोणत्याही जाहिरातीनें लागत नाहीं. मात्र ती ओळखीच्या दहाबारा जणींत आणि लहान रकमेची असावी. तिला कार्यालय आलें, दलाल आले व व्याजाचें आमिष आलें, कीं ती भिशी राहिली नाहीं. सोन्याविषयीं इतकेंच म्हणतों, कीं दागिना हा हौसेचा विषय आहे. त्याची घडणावळ विकतांना परत येत नाहीं.

बँकेंत पैसा ठेवतांना तिचा विमा किती, हें जाणून घ्यावें. १९६० सालीं लक्ष्मी बँक व केरळांतील पलाई सेंट्रल बँक अशा दोन बँका बुडाल्या, आणि त्यानंतर १९६२ पासून आपल्या देशांत ठेवींच्या विम्याची व्यवस्था झाली. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा एका बँकेंत एका ठेवीदारामागें, व्याज धरून, ५ लाख रुपये करण्यांत आली. नागरी सहकारी बँकांसही हा विमा लागू आहे. पतसंस्थांस मात्र तो लागू नाहीं. गांवोगांवीं पतसंस्थेच्या दारावर बँकेसारखीच पाटी असते, आंत बँकेसारखाच गल्ला असतो, व व्याज एकदोन टक्के जास्त असतें; त्या एकदोन टक्क्यांचा अर्थ काय, हें पालकांनीं या एका वाक्यावरून ओळखावें. पुष्कळ पतसंस्था सचोटीनें चालतात. तरी घरांतील सगळीच पुंजी तेथें ठेवूं नये.

आतां शेअरांकडे वळूं. शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा लहानसा वांटा. एका तेलघाण्याची मालकी १०० भागांत विभागली आणि त्यांतील एक भाग तुम्हीं घेतला, तर नफ्याचा शंभरावा हिस्सा तुमचा, आणि घाणा बंद पडला तर तुमचा भाग कवडीमोल. येथें व्याजाचें वचन कोणी देत नाहीं. धंदा वाढला तर भाग वाढतो. इतकें सोपें तत्त्व असतांही माणसें कशी वाहवत जातात, याचें उत्तम उदाहरण पाहावयास आपणांस परमुलुखांत जावयास नको. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें. तेथील कापूस इंग्लंडांतील गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि आपल्या इकडच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्या पैशाचा लोंढा मुंबईंत शिरला. नव्या बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि एक चौरस वावभर जमीनही हातीं लागण्यापूर्वीं त्यांचे शेअर दर्शनी किंमतीच्या कित्येक पटींनीं विकले जाऊं लागले. १८६५ सालीं युद्ध संपल्याची वार्ता येतांच कापसाचा भाव कोसळला. आणि जुलैच्या १ तारखेस वायद्यांचे हिशेब चुकते करण्याची वेळ आली, तेव्हां देणें देण्यास पैसा कोणाजवळच नव्हता. ज्यांच्या मातोश्रींच्या नांवाचा राजाबाई टॉवर मुंबई विद्यापीठाच्या आवारांत आजही उभा आहे, त्या प्रेमचंद रायचंद यांचीही अपार संपत्ति त्या वावटळींत गेली. जुनी बँक ऑफ बाँबेही पुढें टिकली नाहीं. कापूस खरा होता, त्याचा नफाही खरा होता. लोकांनीं मात्र विकत घेतलें होतें तें एकमेकांचें बोलणें.

याचा अर्थ शेअरांपासून दूरच राहावें असा नव्हे. १८७५ सालीं मुंबईच्या दलालांनीं आपला संघ स्थापिला, तोच आजचा मुंबई शेअर बाजार; आणि १९९२ पासून सेबी या संस्थेस कायद्यानें देखरेखीचे अधिकार आहेत. अडचण निराळीच आहे. ५०० रुपयांत पन्नास कंपन्यांचे शेअर येत नाहींत, आणि एकाच कंपनीचा शेअर घ्यावा तर ती बुडाल्यास सारेंच बुडतें. या अडचणीवर उपाय म्हणजे म्युच्युअल फंड: हजारों लोकांचे पैसे एकत्र करून त्यांतून अनेक कंपन्यांचे शेअर घ्यावयाचे, व ज्याच्या त्याच्या पैशाच्या प्रमाणांत फळ वांटावयाचें. कित्येक फंड दरमहा १०० वा ५०० रुपयेही स्वीकारतात. अज्ञान मुलाच्या नांवानें पालकांस असें खातें उघडतां येतें.

फंडांतही इंडेक्स फंड नांवाचा एक प्रकार आहे, तो नवशिक्यास विशेष उपयोगी आहे असें आमचें मत आहे. सेन्सेक्स हा बाजाराचा एक निर्देशांक. त्यांत ३० मोठ्या कंपन्या असतात, आणि १९७८-७९ सालची पातळी १०० धरून तो मोजला जातो. इंडेक्स फंड अशा एखाद्या निर्देशांकांतील सर्वच कंपन्यांचे शेअर त्या त्या प्रमाणांत घेतो. कोणती चढेल, कोणती पडेल, याचें भाकीत करीत नाहीं. १९७६ सालीं अमेरिकेंत जॉन बोगल यांनीं सामान्य लोकांसाठीं असा फंड काढला, तेव्हां त्यास ‘बोगलचा मूर्खपणा’ असें नांव पडलें होतें. भाकिताची मजुरी द्यावी लागत नसल्यामुळें तो स्वस्त पडतो, आणि स्वस्तपणाचें मोल किती, हें पुन्हां गणितच सांगेल. वरच्याच उदाहरणांत शेंकडा १० ऐवजीं, खर्चापायीं, शेंकडा ९ हातीं पडले, तर ३० वर्षांनीं ९,८७,००० च्या जागीं सुमारें ८,१८,००० रुपये होतात. एका टक्क्यानें १,६९,००० रुपये नेले! जन्मभर भरलेले हप्ते १,८०,०००च होते, हें ध्यानांत घ्या. म्हणून फंड घेतांना दलाली वगळलेला ‘डायरेक्ट’ प्रकार मागावा. १ जानेवारी २०१३ पासून तो मिळूं लागला आहे.

परंतु एक गोष्ट मनाशीं पक्की केल्यावांचून या वाटेस जाऊं नये. शेअरांचे भाव पडतात, आणि पडतात तेव्हां भयंकर पडतात. जानेवारी २००८ मध्यें सेन्सेक्स २१,००० च्या आसपास होता. मार्च २००९ मध्यें तो ८,२०० च्याही खालीं आला. पुन्हां २१,००० दिसावयास नोव्हेंबर २०१० उजाडला. २०२० सालीं महामारीच्या भयानें जानेवारींतील ४२,००० वरून २३ मार्च रोजीं तो २६,००० च्या खालीं गेला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत पुन्हां ४२,००० वर चढला. दर वेळीं असेंच आणि इतक्या लवकर होईल अशी हमी कोणी देऊं शकत नाहीं. ज्या पैशाची पांचसात वर्षांत गरज लागेल, जसें पुढील इयत्तेची फी, बहिणीचें लग्न, घराचें छप्पर, तो पैसा येथें ठेवूं नये. ज्याची गरज इतक्यांत नाहीं, त्याच्यासाठीं दरमहा ठराविक रक्कम भरणाऱ्यास एक फायदा आहे: भाव पडलेले असतांना त्याच्या त्याच ५०० रुपयांत अधिक भाग येतात.

शेअर घेऊन ठेवणें निराळें, आणि सट्टा निराळा. हातांतील मोबाइलवर दहा मिनिटांत खातें उघडतें, आणि वायदे व ऑप्शन यांचा व्यवहार मुलें खेळासारखा करूं लागतात. सेबीनें सप्टेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत आढळलें, कीं २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असा व्यवहार करणाऱ्या दर १०० व्यक्तींपैकीं ९३ जणांस तोटा झाला, आणि त्यांच्या तोट्याची एकूण रक्कम १ लाख ८० हजार कोटींच्या वर गेली. १०० पैकीं ९३ विद्यार्थी नापास होणारी परीक्षा असती, तर कोणत्याही पालकानें आपल्या मुलास तिला बसविलें नसतें.

याहूनही वाईट ते ‘महिन्यास दहा टक्के’ देणारे. मोबाइलवर निरोप येतो, कोणी ओळखीचाच मनुष्य आपले मिळालेले पैसे दाखवितो, आणि मन चळतें. अशा वेळीं पुन्हां पाटी-पेन्सिल घ्यावी. दरमहा शेंकडा १० प्रमाणें १०,००० रुपये एका वर्षांत ३१,३८४ होतात. येथपर्यंत लोकांस खरें वाटतें. परंतु तेच १० वर्षें चालविलें तर ते सुमारें ९२ कोटी ७० लाख रुपये होतात! ज्यास ही विद्या साध्य झाली आहे, तो तुमच्या १०,००० रुपयांसाठीं दारोदार कां हिंडेल? १९२० सालीं अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं चार्ल्स पाँझी यानें ४५ दिवसांत शेंकडा ५० नफा देतों असें सांगून लोकांस लुबाडलें. पहिल्यांना मिळत होता तो दुसऱ्यांचाच पैसा. ओळखीचा मनुष्य खोटें बोलत नसतो. त्यास पैसे खरेंच मिळालेले असतात, आणि तो आमिषाचाच भाग असतो. ठेवीदारांच्या हिताचें रक्षण करणारा कायदा महाराष्ट्रांत १९९९ सालीं, व अशा ठेवींवर बंदी घालणारा कायदा देशासाठीं २०१९ सालीं झाला. तथापि गेलेला पैसा कायद्यानें परत मिळण्यास वर्षेंच्या वर्षें लागतात.

आरंभींच्या गणितांतून आणखी एक गोष्ट निघते. पहिल्या वर्षांत व्याजाच्या दरापेक्षां हप्त्याचा आंकडा मोठा असणें जर अधिक लाभाचें, तर जेणेंकरून मिळकत वाढेल त्या कामीं घातलेला पैसा हीच त्या वयांतील खरी गुंतवणूक. टंकलेखनाच्या परीक्षेची फी, शिवणयंत्राची दुरुस्ती, वीजकाम शिकणाऱ्या मुलाचीं हत्यारें, फळा नीट दिसत नसेल तर चष्मा, यांसाठीं कोणी मुलगा आपले ५०० रुपये खर्चूं लागला, तर पालकांनीं त्यास उधळा म्हणूं नये. ज्याचा हप्ता ५०० वरून १,००० झाला, त्यानें व्याजाचा दर जसाचा तसा राहूनही आपली शिल्लक दुप्पट वेगानें वाढविली.

शेवटीं एक बारीकसें, परंतु घरोघर राहून जाणारें काम. प्रत्येक खात्यावर वारस म्हणून कोणाचें तरी नांव लावावें, आणि कोणतें खातें कोठें आहे हें एका वहींत लिहून ती वही घरांतील दुसऱ्या एका माणसास दाखवून ठेवावी. परवलीचे आंकडे मात्र तींत लिहूं नयेत. ज्या बँकखात्यांत १० वर्षें कांहींच देवघेव झाली नाहीं, त्यांतील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीकडे वर्ग होते. ती बुडत नाहीं. खातेदारानें वा वारसानें आपल्या बँकेकडे अर्ज केल्यास ती परत मिळते. असे विसरलेले पैसे शोधण्यासाठीं रिझर्व्ह बँकेनें २०२३ सालीं ‘उद्गम’ नांवाचें संकेतस्थळ उघडलें आहे. मोबाइल हाताळण्यांत मुलें वडिलधाऱ्यांपेक्षां तरबेज असतात. या सुटींत त्यांनीं आजीआजोबांच्या जवळ बसून, त्यांच्या संमतीनें, त्यांचीं नांवें तेथें एकदां शोधून पाहावीं.